एका जुन्या प्रलयकथेचे वाचन

बुऱ्हाणपुरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा आहे. गडावरील महादेवाच्या मंदिरात अश्वत्थामा आजही पहाटे पूजेला येतो, त्याच्या कपाळावरची जखम अद्याप वाहते आहे व त्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल मागतो, अशी समजूत या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दंतकथेचा खरेखोटेपणा तपासण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या कथेतून ती उगवली, ती सौप्तिक पर्वातील कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात. नारद व व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडण्याची विद्या येते, आवरण्याची येत नाही; म्हणून तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. प्राचीन काळी आपल्याकडे अणुबॉम्ब होता, असा निष्कर्ष यावरून काढण्याचे काहीच कारण नाही. व्यासांनी मांडलेला प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा आहे. जे सोडता येते पण आवरता येत नाही, ते हाती घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि त्याचे मोल कोण चुकते करतो?

याच प्रश्नावर एका इंग्रज अभियंत्याने १९५७ साली एक कादंबरी लिहिली. नेव्हिल शूट हा तिचा लेखक आणि ‘ऑन द बीच’ हे तिचे नाव. आपल्या स्मरणिकेत सहसा नवे औषधोपचार, आहारविहार आणि प्रवासवर्णने यांना स्थान मिळते. अशा ठिकाणी सुमारे सात दशकांपूर्वीच्या एका परकीय कादंबरीवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे सुज्ञ वाचक विचारतील. प्रयोजन काळानेच पुरविले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि अण्वस्त्रांच्या वापराची भाषा पुन्हा उघडपणे ऐकू येऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये ‘बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स’ या नियतकालिकाने आपले प्रतीकात्मक घड्याळ मध्यरात्रीपूर्वी ८९ सेकंदांवर आणून ठेवले. त्याच वर्षी मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस शस्त्रसंघर्ष झाला व देशभर नागरी संरक्षणाचे सराव घेण्यात आले. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “डॉक्टरसाहेब, बॉम्ब पडला तर आधी कोणती गोळी घ्यायची?” प्रश्न भाबडा वाटला तरी तो वैद्यकाच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. त्याचे उत्तर शोधताना ही कादंबरी मी पुन्हा हाती घेतली.

लेखक आणि कथानक

नेव्हिल शूट यांचा जन्म १८९९ साली लंडनमध्ये झाला. व्यवसायाने ते विमान-अभियंता होते. ‘आर १००’ या ब्रिटिश हवाई जहाजाच्या बांधणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९५० साली ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आणि मेलबर्नजवळ राहू लागले. जानेवारी १९६० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची भाषा अलंकाररहित आहे. यंत्र कसे चालते हे जितक्या शांतपणे सांगावे, तितक्याच शांतपणे ते मनुष्यजातीचा अंत सांगतात. वाचकाला अस्वस्थ करण्याची शक्ती या शांतपणात आहे.

कथानक थोडक्यात असे. उत्तर गोलार्धात अण्वस्त्रांचे युद्ध होऊन गेले आहे. ते केवळ सदतीस दिवस चालले. एका लहान देशाच्या आगळिकीतून ठिणगी पडली, गैरसमजातून ती पसरली आणि अखेरीस कोबाल्टचे आवरण असलेले बॉम्ब वापरले गेले. उत्तरेकडील सारे देश निर्मनुष्य झाले. आता किरणोत्सारी धूळ वाऱ्यांबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकत आहे. मेलबर्न हे जगातील शेवटच्या जिवंत शहरांपैकी एक. १९६३ साल आहे आणि शहराच्या हाती काही महिने उरले आहेत.

ड्वाइट टॉवर्स हा अमेरिकन पाणबुडीचा कप्तान मेलबर्नच्या आश्रयाला आला आहे. त्याची पत्नी आणि दोन मुले अमेरिकेत मृत्यू पावली आहेत. तरीही तो मुलांसाठी भेटवस्तू खरेदी करतो, जणू तो सप्टेंबरात घरी परतणार आहे. पीटर होम्स हा तरुण नौदल अधिकारी, त्याची पत्नी मेरी आणि तान्ही मुलगी जेनिफर हे दुसरे कुटुंब. मेरी पुढल्या वर्षी फुलतील अशी रोपे बागेत लावते. मॉयरा डेव्हिडसन ही मद्याच्या आहारी गेलेली तरुणी टंकलेखन आणि लघुलेखन शिकू लागते. मासेमारीचा हंगाम यंदा लवकर खुला करावा, कारण पुढे तो येणारच नाही, असा निर्णय सरकारी पातळीवर घेतला जातो.

मध्येच आशेचा एक किरण दिसतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अधूनमधून बिनतारी संदेश येत असतात. कोणी जिवंत असेल काय, हे पाहण्यासाठी पाणबुडी हजारो मैल जाते. संरक्षक पोशाख घालून एक नाविक किनाऱ्यावर उतरतो. तेथे कोणीही नसते. उघड्या खिडकीची चौकट वाऱ्याने हलून संदेशयंत्राच्या कळीवर आदळत असते, एवढेच. मी अनेक भयकथा वाचल्या आहेत. पण या एका प्रसंगाइतके एकाकी दृश्य क्वचितच वाचले असेल.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने

आपण डॉक्टर आहोत, तेव्हा कादंबरीतील विज्ञान तपासून पाहणे हे आपले पहिले काम. ते कितपत टिकते?

कोबाल्ट बॉम्बची कल्पना शूट यांची नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी फेब्रुवारी १९५० मध्ये एका नभोवाणी चर्चेत ती धोक्याची सूचना म्हणून मांडली होती. साध्या कोबाल्टवर न्यूट्रॉनांचा मारा झाला की कोबाल्ट-६० तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे असते. हेच कोबाल्ट-६० आपण कर्करोगाच्या उपचारासाठी वापरतो. कॅनडात १९५१ साली कोबाल्ट उपचार सुरू झाले, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र त्याच कोबाल्टवर चालते. एकाच मूलद्रव्याचे हे दोन उपयोग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

साध्या अणुस्फोटातील किरणोत्सारी धुळीचा नियम मात्र निराळा आहे. वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा दर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. स्फोटानंतर एका तासाला जो दर असेल तो सात तासांनी एक दशांश, दोन दिवसांनी एक शतांश आणि दोन आठवड्यांनी एक सहस्रांश होतो. म्हणूनच धूळ खाली येत असताना पहिले एक-दोन दिवस पक्क्या इमारतीच्या आतल्या भागात, दारे-खिडक्या बंद करून थांबणे हा खरोखर जीव वाचवणारा उपाय आहे. संपूर्ण पृथ्वीवर सारख्याच प्रमाणात प्राणघातक धूळ पसरेल आणि एकही जीव उरणार नाही, हे कादंबरीतील चित्र शास्त्राला धरून नाही. दोन गोलार्धांतील हवा एकमेकींत मिसळायला साधारण वर्षभर लागते व तोवर बऱ्याचशा किरणोत्साराचा क्षय झालेला असतो.

किरणोत्साराच्या तीव्र आजाराचे वर्णन मात्र शूट यांनी बऱ्याच अंशी बरोबर केले आहे. प्रथम मळमळ, उलट्या, जुलाब. नंतर बरे वाटल्याचा फसवा काळ. मग पुन्हा आजार. आज आपण त्याची कारणमीमांसा अधिक नेमकेपणाने सांगू शकतो. साधारण १ ग्रे मात्रेपासून लक्षणे दिसू लागतात. सुमारे ४ ग्रे मात्रा सर्वांगाला थोड्या वेळात मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मे रुग्ण दोन महिन्यांत दगावतात. अस्थिमज्जा निकामी होते, श्वेतपेशी व बिंबाणू घटतात, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव होतो. मात्रा आणखी वाढली की आतड्याचे अस्तर झडते. पहिल्या दोन दिवसांत लसिकापेशींची संख्या किती वेगाने घटते, यावरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी लागणारी साधने आपल्या शहरातील साध्या प्रयोगशाळेतही आहेत.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या गोळीविषयी. पोटॅशियम आयोडाइडची गोळी ही ‘अणुबॉम्बवरची गोळी’ आहे, असा समज पसरलेला आहे. ती केवळ अवटू ग्रंथीचे किरणोत्सारी आयोडीनपासून रक्षण करते, तेही ती वेळेवर घेतली तर. लहान मुले आणि गर्भवती यांना तिचा विशेष उपयोग. स्ट्रॉन्शियम, सीझियम, बाहेरून येणारे गॅमा किरण, भाजणे आणि जखमा यांवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. चाळिशीपुढील व्यक्तींनी सल्ल्यावाचून ती घेऊ नये. “तुमच्या वयाला अशी गोळी नाही, पक्क्या घरात आत बसा, झाकलेले पाणी प्या आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका,” असे मी त्यांना सांगितले.

एक गोष्ट शूट यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. १९८३ साली शास्त्रज्ञांनी ‘अणुहिवाळा’ ही संकल्पना मांडली. जळणाऱ्या शहरांची काजळी वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन सूर्यप्रकाश अडवते, तापमान घटते, पाऊस कमी होतो आणि पिके बुडतात. ‘नेचर फूड’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की भारत-पाकिस्तान अणुयुद्धानंतरच्या दुष्काळात जगभर दोन अब्जांहून अधिक, तर अमेरिका-रशिया युद्धानंतर पाच अब्जांहून अधिक माणसे दगावू शकतात. म्हणजे शूट यांची धूळ चुकीची ठरली, तरी युद्धापासून दूर असलेल्यांनाही युद्ध गाठते हे त्यांचे मुख्य प्रतिपादन नव्या विज्ञानाने अधिकच बळकट केले. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईवर बर्फ पडलेला ज्यांनी वाचला आहे, त्यांना ही कल्पना अनोळखी वाटू नये.

लाल डबीतील गोळ्या

कादंबरीतील जो भाग डॉक्टरांनी थांबून वाचावा, तो औषधविक्रेत्याच्या दुकानातील आहे. शहरातील औषधांच्या दुकानांतून लाल डब्यांत मृत्यूच्या गोळ्या वाटण्याची व्यवस्था झालेली असते. तान्ह्या मुलांसाठी इंजेक्शन. पीटर होम्स मोहिमेवर जाण्यापूर्वी दुकानदाराकडून ते कसे द्यायचे हे समजून घेतो आणि घरी येऊन मेरीला सांगतो. मेरी संतापाने थरथरते. आपल्या मुलीच्या बाबतीत असा विचार करणारा हा माणूस कोण, असा तिचा भाव. तिला दोष देता येत नाही आणि त्यालाही देता येत नाही.

दयामरणाविषयी आपण पुष्कळ चर्चा केली आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्णय दिला. २०१८ साली त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. परंतु ती चर्चा एका रुग्णाची, एका खाटेची, असाध्य व्याधीची आहे. शूट यांच्या कथेत रोग माणसांनी निर्माण केला आहे आणि सगळे शहर रुग्ण आहे. त्या राज्याची शेवटची आरोग्ययोजना म्हणजे मृत्यूचे वाटप. आणि नीट पाहिले तर त्या योजनेत डॉक्टर जवळजवळ दिसतच नाही. करण्याजोगे काही उरले नाही, म्हणून तो पानांतून नाहीसा झाला आहे.

प्रत्यक्षात डॉक्टर असा नाहीसा होत नाही, हे इतिहास सांगतो. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरातील सुमारे दीडशे डॉक्टरांपैकी पासष्ट मृत्यू पावले व उरलेल्यांपैकी बहुतेक जखमी झाले, असे जॉन हर्सी यांनी १९४६ सालच्या आपल्या वृत्तान्तात नोंदविले आहे. डॉ. मिचिहिको हाचिया हे तेथील दळणवळण खात्याच्या रुग्णालयाचे संचालक. स्वतः जखमी असताना त्यांनी दैनंदिनी लिहिली. ती १९५५ साली इंग्रजीत आली. जखम नसलेले रुग्ण का मरत आहेत, हे त्यांना समजेना. ऑगस्टच्या उत्तरार्धात टोकियोहून सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा त्यांनी श्वेतपेशी मोजल्या. स्फोटाच्या जितके जवळ, तितकी संख्या कमी, हे त्यांच्या लक्षात आले. उद्ध्वस्त रुग्णालयात पेशी मोजत बसलेला हा वैद्य मला शूट यांच्या सर्व पात्रांहून मोठा वाटतो. मराठी वाचकांना या शहराची ओळख भा. द. खेर यांच्या ‘हिरोशिमा’ या कादंबरीतून झालेली आहेच.

आणि आपल्याच राज्याची राजधानी कशी विसरता येईल? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा हमीदिया रुग्णालयातील डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी यांच्यासमोर हजारो माणसे डोळे जळत, श्वास कोंडत येऊन उभी राहिली. विष नेमके कोणते व त्यावर उतारा कोणता, याची विश्वसनीय माहिती त्यांना देण्यात आली नव्हती. सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, यावरचा वाद पुढे कितीतरी काळ चालला. भोपाळ हे अणुयुद्ध नव्हते. परंतु अदृश्य विष, एका रात्रीत ओसंडून वाहणारे रुग्णालय, माहिती दडविणारी यंत्रणा आणि जन्माला न आलेल्या मुलांपर्यंत पोहोचणारी भीती, हे सारे मध्य प्रदेशातील वैद्यकीय क्षेत्राने अनुभवलेले आहे. म्हणून ही कादंबरी आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

एक पुस्तक आणि काही डॉक्टर

कादंबरीने काय साधते, असा प्रश्न व्यवहारी माणसे विचारतात. हेलन कॅल्डिकॉट यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. त्यांचा जन्म १९३८ साली मेलबर्न येथे झाला. तरुणपणी त्यांनी आपल्याच शहराच्या अंताची ही कथा वाचली आणि तिचा ठसा आयुष्यभर राहिला, असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. पुढे त्या बालरोगतज्ज्ञ झाल्या. फ्रान्सच्या प्रशांत महासागरातील अणुचाचण्यांविरुद्ध त्यांनी ऑस्ट्रेलियात जनमत जागे केले आणि अमेरिकेत १९६१ साली स्थापन झालेल्या व नंतर मंदावलेल्या ‘फिजिशियन्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ या संघटनेला १९७० च्या दशकाअखेरीस नवे बळ दिले.

त्याआधीचे एक उदाहरण आपल्यासारख्या सामान्य वैद्यांना अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील सेंट लुई शहरात १९५८ च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यात आले. चाचण्यांच्या धुळीतील स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात, दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाते, हे त्या दातांनी दाखवून दिले. या कामाची धुरा प्रारंभी डॉ. लुईस राइस या महिला डॉक्टरांनी वाहिली. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागील जनमत घडविण्यात या दातांचाही वाटा होता. पुढे १९८० साली अमेरिकेचे बर्नार्ड लाउन आणि सोव्हिएत संघाचे येवगेनी चाझोव या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी अणुयुद्ध रोखण्यासाठी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. तिला १९८५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्षही हाच होता की कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था अणुयुद्धाला पुरी पडू शकणार नाही, आणि प्रतिबंध हाच एकमेव उपाय आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तो अभ्यास नव्याने करण्याचा ठराव केला.

डॉ. खानोलकर यांचा वारसा

हे सारे परदेशी डॉक्टरांचे कर्तृत्व, असे मात्र कोणी समजू नये. मार्च १९५४ मध्ये प्रशांत महासागरात अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली व तिच्या धुळीने जपानी कोळी आजारी पडले. पुढच्याच महिन्यात पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. या अस्त्रांचे परिणाम काय, हे जनतेला निःपक्षपणे सांगावे म्हणून केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५६ साली ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ हे पुस्तक काढले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी ते सिद्ध केले. त्यांना ज्यांचे साहाय्य लाभले त्यांत डॉ. होमी भाभा होते आणि आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर होते.

१८९५ साली जन्मलेले डॉ. खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी केलेले काम आपल्या पिढीने पाठ्यपुस्तकांतून शिकले. किरणोत्साराच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. शूट यांच्या कादंबरीच्या आधी एक वर्ष एका मराठी डॉक्टराने हाच विषय शास्त्राच्या भाषेत हाताळावा, ही गोष्ट आपल्या समाजाला फारशी ठाऊक नाही. ती ठाऊक असावी. योगायोग असा की त्याच १९५६ साली आपल्याजवळच्या नेपानगरचा वृत्तपत्र-कागदाचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. अणुचाचण्यांच्या बातम्या पुढे देशभर ज्या कागदावर छापल्या गेल्या, त्यातील काही कागद आपल्याच जिल्ह्यातील असणार.

वारशाला दुसरी बाजूही आहे. मे १९७४ आणि मे १९९८ या दोन्ही पोखरण चाचण्यांत सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म १९४३ साली निमाडातील बडवानी येथे झाला. शालेय शिक्षण बडवानी आणि खरगोन येथे. त्यांचे आईवडील गांधीवादी. देशाच्या संरक्षणाची गरज आणि अस्त्राच्या परिणामांचे भान या दोन गोष्टी निमाडातील एकाच मराठी घराच्या अंगणात शेजारी राहू शकतात. भारताने ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण जाहीर केले व २००३ साली ते पुन्हा अधिकृतपणे मांडले. अर्जुनाची विद्या आपल्याला हवी, अश्वत्थाम्याची नको, असाच मला त्याचा अर्थ दिसतो. ही विद्या टिकवायची तर नागरिकांना परिणामांची जाण असावी लागते. ती जाण देणे हे देशभक्तीच्या विरोधात नाही.

मेलबर्न आणि बुऱ्हाणपूर

दूरच्या गावाला काय होणार, असे आपणास वाटते. मेलबर्नकरांनाही तसेच वाटले होते. बुऱ्हाणपुरास तर असा विचार करण्याचे मुळीच कारण नाही. १६३१ साली मुमताज महल या शहरात बाळंतपणात वारली, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. परंतु त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, पाऊस न पडल्याने गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णने लिहून ठेवली आहेत. बादशहाची छावणी येथे, कुंडी भंडाऱ्याचे भूमिगत पाणी येथे, तरीही पाऊस गेला की काय होते हे या शहराने पाहिले आहे. अणुहिवाळ्याचे गणित पावसाचेच गणित आहे. आपली केळी, कापूस आणि यंत्रमाग त्याच पावसावर, विजेवर व मालगाड्यांवर उभे आहेत. इन्सुलिन, रक्तपिशव्या आणि डायलिसिसचे साहित्य किती दिवस पुरेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या दवाखान्यापुरता मांडून पाहावा. पूर, साथ, रासायनिक गळती अशा कोणत्याही आपत्तीत तो हिशेब उपयोगी पडेल.

अशांत काळात कसे वाचावे

चिंता वाढली असताना अशी पुस्तके वाचावीत काय? तीव्र नैराश्य किंवा झोपेचे विकार असलेल्या रुग्णांना मी ती सुचवीत नाही. कादंबरीचा शेवट आत्मघाताने भरलेला आहे. इतरांनी मात्र अवश्य वाचावी. रात्रभर दूरचित्रवाणीवरील आरडाओरडा पाहणारा मनुष्य भयभीत होतो, पण त्याला कळत काहीच नाही. कादंबरी आवाज करीत नाही. ती आपल्याला एका स्वयंपाकघरात, एका बागेत, एका पाळण्याजवळ नेऊन बसवते. लाखांच्या आकड्यांपुढे मन बधिर होते. जेनिफरच्या पाळण्यापाशी ते बधिर राहू शकत नाही.

तिच्यात उणिवा आहेत. लोक इतके शिस्तीने मरणाला सामोरे जातील, दंगली, लूट वा उपासमार होणारच नाही, हे पटत नाही. युद्धात प्रत्यक्ष होरपळलेल्या आशियाई माणसांचे दुःख तिच्यात जवळजवळ नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे तिच्यात कोणी प्रतिकार करीत नाही. सगळे वाट पाहतात. म्हणून माझी सूचना अशी की ही कादंबरी एकटी वाचू नये. तिच्यानंतर डॉ. हाचिया यांची दैनंदिनी वाचावी. कादंबरीत जो डॉक्टर दिसत नाही, तो तेथे भेटतो. जपानमधील अणुबॉम्बग्रस्तांची ‘निहोन हिदानक्यो’ ही संघटना १९५६ साली स्थापन झाली आणि २०२४ साली तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. ज्यांनी प्रलय पाहिला, ते अडुसष्ट वर्षे बोलत राहिले. शूट यांच्या पात्रांना अशी संधी मिळाली नाही. आपल्याला ती आहे.

आपल्या संघाच्या मासिक सभेत वर्षातून एखादे सत्र सामूहिक आपत्तीतील वैद्यकीय व्यवस्थेला द्यावे, त्यात किरणोत्साराच्या आजाराची तोंडओळख असावी आणि समाजातील बंधुभगिनींनाही तिथे बोलवावे, असे मला वाटते. आयोडीनची गोळी काय करते व काय करीत नाही, पहिले दोन दिवस घरात का थांबावे, अफवा कशी ओळखावी, एवढे प्रत्येक कुटुंबाला माहीत असले पाहिजे. त्यापुढचे उत्तर मात्र कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही, हेही डॉक्टरांनीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या व्याधीला उपचार नाही, तिचा प्रतिबंध करणे हे देवी आणि पोलिओ यांच्या बाबतीत आपल्या व्यवसायाने करून दाखविले आहे. हीही त्याच यादीतील व्याधी आहे.